कुशाबाचा पंक्तिप्रपंच

आमच्या पोलादपूरच्या डोंगरात लग्न ठरलं की तिघांना आधी सांगून ठेवावं लागतं: भटजीला, मांडववाल्याला आणि कुशाबाला. पहिले दोघे आपापली बिदागी घेतात. कुशाबा काही घेत नाही. तो फक्त वाढतो.

वाढतो म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. कमरेला पंचा, एका हातात आमटीची बादली, दुसऱ्या हातात पळी आणि नजर पत्रावळीवर. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे तो बघतच नाही. सरपंच असो की सकाळीच दारू लावून आलेला पाव्हणा असो, पळी तेवढीच भरते आणि तेवढीच उलटते. एका लग्नात नवरदेवाच्या मामाने डोळा मारून आपल्या पोराला बुंदी जरा जास्त घालायला सांगितली. कुशाबाने घातली. मग मागे फिरून त्या अख्ख्या पंगतीला तेवढीच जास्त घातली. शेवटच्या पंगतीला बुंदी उरली नाही, आणि त्या शेवटच्या पंगतीत मी बसलो होतो.

“आणि आमच्यावर झाला तो अन्याय नाही का रे?” हात धुताना मी त्याला विचारलं.

“तुमची पंगत येगळी. एका पंगतीत बसलेल्या मान्सांत पंक्तिपरपंच करायचा नाय. येवढाच नेम.”

त्याचे नेम पक्के आहेत. आमटी कमी पडली तर पाणी घालून वाढवायची, पण कुणाच्या पत्रावळीवर हात आखडायचा नाही. पोट भरलेल्यालाही एकदा विचारायचं. आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वाढप्याने स्वतः घास घ्यायचा नाही. हे नेम त्याला कुणी घालून दिले, हे त्याचं त्यालाही नक्की ठाऊक नाही. कधी सांगतो, लहानपणी तुडीलला मावशीच्या लग्नात वाढपी त्याच्या फाटक्या सदऱ्याकडे बघून लाडू न घालताच पुढे गेला. कधी सांगतो, ते आपलं नव्हे, आपल्या बापाचं झालं होतं. विचारायला गेलं की तो स्वतःच गोंधळतो. मी आता दोन्ही खरं धरून चालतो.

मी सुहास. पोलादपूरच्या बाजारात माझं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, फवारणीची औषधं. कुशाबा आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी पदवी घेतली आणि त्याने बापाचा नांगर घेतला. माझ्या फळीवर टॉनिकच्या रंगीत बाटल्या आहेत. टॉनिक म्हणजे नक्की काय, असं गिऱ्हाइकाने विचारलं की मी बाटलीवरचं टमाट्याचं चित्र दाखवतो. याहून जास्त मलाही कळत नाही, आणि इतकी वर्षं त्यावाचून काही अडलं नाही. अडलं ते कुशाबाच्या सुनेमुळे.

कुशाबाचा मुलगा शुभम भिवंडीला एका गोदामात कामाला होता. त्याने लग्न केलं महाडच्या दर्शनाशी. मुलगी शेतीची पदवी घेतलेली, सडेतोड आणि जरा तापट. भिवंडीच्या एका खोलीत तिचा जीव रमेना. दोघं वाडीवर परत आली आणि कुशाबाच्या वरकस जमिनीत, जिथे बापजाद्यांनी नाचणीशिवाय काही पाहिलं नाही, तिथे त्यांनी टमाट्यासाठी पॉलिहाऊस उभं केलं. कल्पना वाईट नव्हती. आमच्याकडे पाऊस असा कोसळतो की उघड्यावरचं टमाट्याचं झाड आठवडाभरात आडवं होतं. पावसाळ्यात टमाटी येतात ती घाटावरून, आणि आंबेनळी घाटात दरड आली की महाडच्या बाजारात टमाटं औषधालाही मिळत नाही.

लोखंडी कमानींवर पांढरं प्लास्टिक चढलं, आत मातीचे लांबलचक गादीवाफे झाले, त्यांवर रोपं ओळीने बसली. कुशाबा दारात उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा मला चांगला ओळखीचा. लग्नघरी मांडवात शिरताना असतो तसा.

“मांडव झ्याक झालाय,” तो म्हणाला. “पंगत पन बसली. आता वाढायचं काय?”

आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे कळायला दिवाळी उजाडावी लागली.

वाढायचं काय, याचंच तर दर्शनाला कोडं सोडवायचं होतं. तिने मला आणि कुशाबाला बांधावर बसवून समजावलं. झाडाला वाढीसाठी नत्र लागतं. युरियातून आपण देतो ते. पण टमाट्याला नत्र जास्त झालं की पानं माजतात, फुलं गळतात, पांढरी माशी येते आणि उरलेलं खत पाण्याबरोबर ओढ्याला जातं. म्हणून नत्र निम्मं करायचं. मात्र नुसतं निम्मं केलं तर झाड खंगेल. म्हणून सोबत वनस्पतीचा अर्क द्यायचा. तिने शेवगा निवडला होता. कोवळा पाला वाटून, गाळून, पाण्यात मिसळून मुळाशी.

“म्हंजे ह्ये बी खतच की,” कुशाबा म्हणाला.

“नाही बाबा. खत नाही हे. यात नत्र असून नसल्यासारखं.”

“मंग औषद.”

“औषधही नाही. रोग बरा करत नाही ते.”

“खत नाय, औषद नाय. मंग हाय तरी काय?”

मीही कान टवकारले, कारण माझ्या फळीवरच्या बाटल्यांचा निकाल लागत होता. दर्शना म्हणाली, “तुम्ही म्हणता ना, खाल्लेलं अंगी लागायला हवं? हे पोट भरत नाही. झाड जे जेवतं ते त्याच्या अंगी लागावं, एवढ्यासाठी हे. आणि ते खरंच लागतं की नाही, ते मला बघायचंय.”

कुशाबाने मान डोलावली. मीही डोलावली. त्याला किती समजलं ते मला कळलं नाही, आणि मला किती समजलं ते मी त्याला कळू दिलं नाही.

तिने नऊ वाफे तीन भागांत वाटले. दाराजवळच्या तिनांना नेहमीचं पूर्ण नत्र. मधल्या तिनांना निम्मं नत्र, बाकी काही नाही. आणि कडेच्या तिनांना निम्मं नत्र अधिक शेवग्याचा अर्क. नळीतून येणाऱ्या खताचे कॉक ती स्वतः सांभाळणार होती. अर्क मात्र दर आठवड्याला बादली-मगाने झाडाच्या मुळाशी घालायचा होता, आणि घरात जन्मभर बादली धरलेला माणूस असताना ते काम दुसऱ्याकडे जाणार कसं? सासऱ्याच्या लक्षात राहावं म्हणून तिने वाफ्यांना गमतीने नावंही दिली. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, म्हणतात ना, त्यावरून. दारचे ‘तुपाशी’, मधले ‘उपाशी’, कडेचे ‘अर्काचे’.

नाव ठेवलं आणि तिथेच ती फसली. पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट टांगणीला लागली होती, आणि ती घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. शुभमने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, “काका, गोदामवाला दिवाळीपर्यंत माझी जागा पकडून बसलाय. तोपर्यंत इथे काही सेट झालं तर ठीक, नायतर वापस.” सेट होणं म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. वाड्यावाड्यांच्या बायकांचा एक गट आहे, येसूबाई त्याची प्रमुख. अर्काने खरंच काम केलं तर गट तो सगळ्या भाजी पिकवणाऱ्यांसाठी बनवणार होता आणि ते काम दर्शनाकडे देणार होता. नाही केलं, तर दोघं भिवंडीला. कुशाबाच्या बायकोने, रखमावहिनीने, चार माणसांचा भात एका टोपात शिजवायला कित्येक वर्षांनी पुन्हा सुरुवात केली होती. आमच्या डोंगरात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे टोप मोठे आणि माणसं दोन. कुशाबा फार बोलत नाही. पण एकदा दुकानात पिशवी बांधताना म्हणाला होता, “पोरं ऱ्हावीत रे सुहास. टमाटी आली काय, नाय आली काय.”

श्रावण गेला, गणपती गेले. पॉलिहाऊसमध्ये झाडं सुतळीवर चढली. तुपाशी वाफे काळेभोर झाले, भाताचा शेतकरी बघून खूश होईल असे, पण पानांत फळ शोधावं लागे. अर्काचे वाफे बेताचे हिरवे आणि फळांनी लगडलेले. इथवर सगळं दर्शनाच्या म्हणण्याप्रमाणे. घोडं पेंड खायला लागलं ते मधल्या वाफ्यांत. ज्यांनी खंगायचं होतं ते उपाशी वाफे खंगायलाच तयार नव्हते. अर्काच्या वाफ्यांशेजारी ते तसेच बेताचे हिरवे, तसेच लगडलेले.

दर्शनाने टेप लावून उंच्या मोजल्या, फळं मोजली. फरक नाही. तिने खताचे कॉक उघडून बघितले, नळ्या साफ केल्या, मधल्या वाफ्यांची माती उकरली. आधी तिथे गोठ्याचं शेणखत पडलं होतं का, म्हणून शेजाऱ्यांना विचारलं. शेवटी एका दुपारी ती माझ्या दुकानात उभी राहिली.

“काका, तुमच्या पोत्यावर नत्र जेवढं लिहिलंय तेवढंच असतं ना आत?”

माझं डोकंच फिरलं. जास्तीचं नत्र फुकट देऊन गिऱ्हाइकाला फसवणारा दुकानदार अजून कोकणात जन्माला यायचा आहे, असं मी तिला ठणकावून सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण ती गेल्यावर मी स्वतःच पोतं फोडून, युरियाचे दाणे तळहातावर घेऊन बघत बसलो. त्यात काय दिसणार होतं कोण जाणे. माझी बायको म्हणाली, साखर समजून चहात टाकाल.

या सगळ्या गोंधळात एकटा कुशाबा मजेत होता. एवढी झाडं तजेलदार आहेत, फळं धरलीत, कुणीच मागे नाही, आणि घरात सुतकी चेहरे! त्याला काही उमजेना. “सगळी चांगली हायेत तर ही रडतेय कशापायी?” तो मला विचारायचा. मी म्हणायचो, “सगळी चांगली आहेत म्हणूनच.” मग तो माझ्याकडे असं बघायचा, की याची पदवी खरी आहे ना?

दिवाळीच्या तोंडावर येसूबाई दोन बायकांना घेऊन निकाल बघायला आली. मीही गेलो होतो. दर्शनाचे डोळे सुजलेले होते, पण ती सरळ उभी राहिली आणि कुणाला न फसवता बोलली. निम्म्या नत्रावर टमाटं चांगलं येतं, एवढं दिसलं. पण अर्क दिला काय आणि न दिला काय, काही फरक पडत नाही.

“म्हंजे पाला वाटायचा का नाय वाटायचा, तेवढं सांग गो,” येसूबाई म्हणाली.

“नाही. उपयोग नाही त्याचा.”

शुभमने पँटवर हात पुसले. “चला, क्लिअर झालं,” तो म्हणाला, आणि खिशातला फोन बाहेर काढला.

कुशाबा दारात बादली विसळत होता. ‘उपयोग नाही’ हे शब्द त्याच्या कानावर पडले आणि तो चांगलाच उखडला. त्याच्या हातच्या वाढपाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती.

“कसा उपेग नाय? सगळ्यांच्या अंगी लागलाय. बग की!”

“सगळ्यांच्या म्हणजे?” दर्शनाने विचारलं.

“सगळ्यांच्या. मी काय येकालाच वाढीन?”

मग एकेक करून बाहेर आलं. पहिल्याच आठवड्यात अर्काच्या वाफ्यांना वाढून कुशाबा वळला, तर शेजारी उपाशी वाफे. एका मांडवात, मांडीला मांडी लावून बसलेले. त्याच्याने पुढे जाववेना. त्याने बादलीत पाणी घातलं, आमटी वाढवतात तसं, आणि मधल्यांनाही एकेक मग घातला. मग तुपाशी वाफे दिसले. पोट भरलेल्यालाही एकदा विचारायचं असतं, म्हणून त्यांनाही अर्धा अर्धा. पुढच्या खेपेपासून तो बादली आधीच पाण्याने वाढवून घेऊ लागला. दर आठवड्याला, न चुकता. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं, म्हणून त्याने ते सांगितलंही नव्हतं.

“बाबा!” दर्शना ओरडलीच. “मी सांगितलं होतं ना, मधल्यांना घालायचं नाही!”

“तूच बोललीस, ह्ये उपाशी हायेत!”

“उपाशी ठेवायचे होते!”

“पंगतीत बसवून?” कुशाबाचाही आवाज चढला. “बसवायचं, शेजारच्याला वाढायचं, अन् ह्यांच्या पानावरनं कोरडं पुढं जायचं? आमच्यात असलं कुनी केलं नाय गो.”

दर्शनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती म्हणाली, “बाबा, कुणाला तरी उपाशी ठेवल्याशिवाय, बाकीच्यांच्या अंगी काय लागलं ते कळणार कसं?”

कुशाबाने हातातली बादली खाली ठेवली. त्याने माझ्याकडे बघितलं. “खरं काय रे ह्ये, सुहास? आसं आसतं?” मी मान हलवली. खरंच होतं ते. आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. पण त्या क्षणी मला ते शिकलेलं आठवायची लाज वाटली, आणि का वाटली तेही कळेना.

रखमावहिनी मागून आली होती. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “काय केलंत अवो ह्ये! आता जातील की पोरं!”

तेव्हा कुठे कुशाबाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो खाली वाफ्याच्या कडेला बसला. “माझ्यापायी जातायत?” एवढंच त्याने विचारलं, आणि ते कुणाला विचारलं ते कळलं नाही. इतका लहान झालेला कुशाबा मी कधी पाहिला नव्हता. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात. याचं तर करायला गेलेलंही चांगलंच होतं.

कोंडी येसूबाईने फोडली. ती व्यवहारी बाई. “म्हंजे पाला चांगला का वाईट, ते अजून कुनालाच ठावं नाय. मंग आत्ताच नाय कशाला बोलता? परत लावा. शिमग्यापतुर आमी थांबतो.”

दर्शनाने शुभमकडे बघितलं. त्याने फोन हातात धरलेला होता. तो बाहेर गेला, पॉलिहाऊसच्या कोपऱ्यावर उभा राहून कुणाशी तरी बराच वेळ बोलला. प्लास्टिकमधून त्याची नुसती सावली इकडून तिकडे जाताना दिसत होती. आत आला आणि बापाला म्हणाला, “सांगितलं त्यांना, दुसरा आदमी बघा. पण बाबा, या टायमाला नाटक नको.”

नवी रोपं लागली. मला वाटलं होतं, आता दर्शना सासऱ्याला मांडवात पाऊल ठेवू देणार नाही. तिचाही तोच विचार होता. पण पहिल्या अर्काच्या दिवशी सकाळी कुशाबा आपणहून बादली मागायला आला.

“मला नको देऊस तर शुभम घालंल, नायतर तू घालशील,” तो म्हणाला. “दुसरं कुनी त्येंच्यावरनं कोरडं गेलेलं बगितलं तर मी त्येच्याशी भांडंन. माझ्याच हातानं होऊ दे.”

दर्शनाने बादली त्याच्या हातात दिली. सून म्हणून दिली की शास्त्र शिकलेली म्हणून, सांगता येत नाही.

माघात मी वाडीवर गेलो होतो, सुतळीचे गुंडे पोचवायला. योगायोगाने अर्काचा दिवस होता. कुशाबा कडेच्या वाफ्यांना वाढत होता, तोच मग, तेच माप, थेंब इकडचा तिकडे नाही. तीन वाफे झाले. मग तो मधल्या वाफ्यांशी आला. ती झाडं आता खरंच उपाशी दिसत होती. खालची पानं पिवळी, खोड बोटाएवढं, फळं लिंबाएवढी. कुशाबाने रिकामा मग बादलीत उलटा ठेवला, मान खाली घातली आणि त्यांच्यामधून चालत बाहेर आला. सावकाराच्या दारावरून जाताना माणूस जसा झपाझप जातो तसा.

दुपारी रखमावहिनीने पानं मांडली. वालाचं बिरडं होतं, तांदळाची भाकरी होती. शुभम बसला, मला बसवलं. कुशाबाचं पान नव्हतं. तो ओटीवर सुतळी गुंडाळत होता.

“तुझं पोट बिघडलंय काय?” मी विचारलं.

“भूक नाय.”

“आज सोमवार का रे?”

“नाय.”

रखमावहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, “पाला घालायचा दिस आसला की जेवत नायत भावोजी. सकाळधरनं पान्यावर. काय नवस बोललेत देव जाने. इचारलं तर अंगावर येतात.”

मी उठून ओटीवर गेलो. माझा स्वभाव चिवट आहे. गिऱ्हाइकाच्या मागे लागावं तसा त्याच्या मागे लागलो. शेवटी तो वैतागला.

“तुला सातवीपासनं काय कळत नाय,” तो म्हणाला. “पंगत बसलीया रे अजून. मदली मान्सं जेवलेली नायत. वाढप्यानं आदी कसं जेवायचं?”

मागे वळलो तर उंबऱ्यात दर्शना, हातात पाण्याचा तांब्या. तिने सगळं ऐकलं होतं. तिने तांब्या सासऱ्याजवळ ठेवला आणि पॉलिहाऊसकडे निघून गेली. ती रागावली की आणखी काय झालं, मला त्या दिवशी समजलं नाही. तिने त्याला उपास करू नका असं सांगितलं नाही, आणि चाचणीही थांबवली नाही. पुढच्या आठवड्यात कुशाबाने पुन्हा तीन वाफ्यांना वाढलं, तिनांवरून कोरडा गेला आणि दिवसभर पाण्यावर राहिला. आपण एखाद्या मूर्खाला बघतोय की साधूला, हे मला ठरवता येईना, आणि त्याचा मला राग यायचा.

शिमग्याच्या आदल्या दिवशी, नेमक्या अर्काच्याच दिवशी, येसूबाई पुन्हा आली. या खेपेला टेप लावायचीही गरज नव्हती. आंधळ्यालाही दिसावं असं होतं. अर्काच्या वाफ्यांनी निम्म्या नत्रावर तुपाशी वाफ्यांहून जास्त फळं दिली होती, आणि पानांचा माज नव्हता. उपाशी वाफे उपाशीच दिसत होते. दर्शनाने सांभाळून सांगितलं, की हे एका मांडवातलं, एका हंगामातलं आहे, दुसऱ्याच्या शेतात काय होईल ते तिथे बघावं लागेल. येसूबाईने निम्मं ऐकलं आणि म्हणाली, “म्हंजे वाटायचा पाला. पाडव्यापासनं ये आमच्याकडं.” रखमावहिनीने तिथल्या तिथे पदर डोळ्याला लावला. शुभमने बापाच्या पाठीवर थाप मारली. मी उगाचच टाळ्या वाजवल्या.

कुशाबा हसला खरा, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो मधल्या वाफ्यांकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी झाडं उपटून टाकायची होती.

बायका गेल्यावर दर्शना आत गेली. पिंपात उरलेला अर्क तिने बादलीत ओतला, काठोकाठ, पाणी न घालता. बादली उचलून तिने कुशाबासमोर ठेवली आणि रिकामा मग त्याच्या हातात दिला.

“बाबा, आता वाढा त्यांना.”

कुशाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. “आता? उद्या तर उपटायची. वाया जाईल की गो.”

“जाऊ दे,” ती म्हणाली. “त्यांच्यामुळेच कळलं ना आपल्याला.”

तो उठला. त्याने पंचा कमरेला खोचला आणि मधल्या पहिल्या वाफ्याशी गेला. एकेका झाडाच्या मुळाशी एकेक भरला मग, न सांडता, न घाई करता. कुठलंच झाड सुटलं नाही. तिसऱ्या वाफ्याच्या टोकाला बादली संपली. तिथे तो क्षणभर उभा राहिला, पंगत नीट जेवली ना हे बघायला वाढपी उभा राहतो तसा.

मग बाहेर आला, ओढ्याच्या पाण्याने हात धुतले आणि ओटीवर मांडी घालून बसला.

“रखमा,” त्याने आत हाक मारली, “माझं पान वाढ गो.”